कापसाच्या लॅबमधल्या मेंढ्या

मेंढीचं रक्त आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा आलं, त्या दिवशी ते कुठल्या फ्रीजमध्ये ठेवायचं यावरून भांडण झालं. फ्रीज दोन. एकात कापसाच्या पानांची पाकिटं, दुसऱ्यात महागडी रसायनं आणि, कुणाला सांगायचं नाही या बोलीवर, माझा ताकाचा डबा. शेवटी ताक बाहेर आलं आणि रक्त आत गेलं. माझ्या नोकरीतली सगळ्यात मजेची वर्षं अशी सुरू झाली.

लॅब जालन्याच्या एमआयडीसीत होती, एका बियाणं कंपनीची. शेजारी सळयांची मिल, समोर सरकी साफ करायचा प्लांट. उन्हाळ्यात मिलची धग आणि सरकीची धूळ दोन्ही एकदमच खिडकीतून यायची. माझं काम कापसाचं. संकरित बी म्हणून जे विकायचं, ते खरंच ठरलेल्या आईबापांचं आहे की मध्येच भलताच बाप घुसलाय, हे पानाच्या तुकड्यावरून ओळखायचं. नातेवाइकांना सांगताना मी म्हणायचे, कपाशीचे आईबाप शोधते. ते हसायचे आणि पुढं विचारायचे, "पण नोकरी कुठं करता?"

एके दिवशी आमचे प्रमुख चौधरी साहेब कुठल्याशा बैठकीहून फार खुशीत परत आले. मेंढ्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेला मराठवाड्यातले नमुने तपासायला जवळची लॅब हवी होती आणि साहेबांनी हो म्हणून टाकलं होतं.

"साहेब, आपण पानांवर काम करतो," मी म्हणाले.

"पान काय आन् रक्त काय. डीएनए तो डीएनए."

तोंडानं म्हणायला हे बराबर होतं. प्रत्यक्षात पहिले कितीतरी दिवस माझ्या नळीत डीएनएऐवजी तपकिरी चिखल उतरत होता. कपाशीच्या पानात चिकटपणाची भानगड असते, रक्तात लाल रंगाची. तो रंग पूर्ण धुऊन काढला नाही तर पुढचं सगळं बिघडतं. मी धूत राहिले. शेवटी एक दिवस थंडगार अल्कोहोलमध्ये पांढरा, कापसाच्या पेळूतल्या तंतूसारखा धागा तरंगताना दिसला, तेव्हा मी सगळ्यांना बोलावून दाखवला. बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये मेंढीतनंही शेवटी कापूसच निघाला म्हणून सगळे हसले.

हे काम नेमकं काय होतं ते सांगते. आपल्याकडची काळी मेंढी चिवट. ऊन सोसते, मैल मैल चालते, पण एका वेताला सहसा एकच कोकरू देते. तिकडं बंगालच्या खाडीकाठी एक ठेंगणी मेंढी आहे, ती सर्रास जुळी देते. कारण काय, तर तिच्या रक्तातल्या एका जीनमध्ये एकच अक्षर वेगळं आहे. पानभर मजकुरात एका ठिकाणी काना जास्त पडावा, एवढाच फरक. संस्थेच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या संकर करून ते अक्षर आपल्या काळ्या मेंढीत आणलं होतं. अंग आपल्या मेंढीचं, अक्षर तिकडचं. आता कुठल्या जनावरात ते उतरलंय आणि कुठल्यात नाही, हे ओळखायचं कसं? मादी व्यायल्यावर अंदाज येतो, पण नर काही वीत नाही. त्याच्या शिंगावर लिहिलेलं नसतं. म्हणून रक्त.

पीसीआर म्हणजे काय हे सांगायचे माझे कष्ट कोरोनानं वाचवले. त्याच मशीनमध्ये मेंढीच्या डीएनएचा त्या अक्षराच्या जागेचा तेवढाच तुकडा घ्यायचा आणि त्याच्या लाखो प्रती काढायच्या. मग त्यात एक कात्री घालायची. कात्री म्हणजे रसायनच, पण असं की ते वेगळं अक्षर असेल तरच तुकडा कापतं. कापलेला तुकडा आखूड, न कापलेला लांब. जेली टाईप पातळ वडीतून त्यांना विजेच्या जोरावर पळवायचं. आखूड जल्दी पळतो, लांब मागं राहतो. दिव्याखाली बघितलं की पट्टे दिसतात. फक्त मागचा पट्टा असेल तर काही नाही. फक्त पुढचा असेल तर ते अक्षर आई आणि बाप दोघांकडून आलंय. दोन्ही पट्टे दिसले तर एकाकडून आलंय. एवढंच. याला आमच्याकडं सगळे "जुळ्याची टेस्ट" म्हणायला लागले.

नळ्यांवर नावं चुकीची लागली तर सगळंच मुसळ केरात, म्हणून साहेब मला फिल्डवर पाठवू लागले. रक्त संस्थेचे डॉक्टर काढत, मी नळ्या सांभाळायची. गाडी रफिकभाई चालवायचे. कंपनीत येण्याआधी त्यांनी काही वर्षं बकऱ्यांच्या बाजारात काढली होती, त्यामुळं ड्रायव्हरच्या सीटवरनं ते मेंढ्यांबद्दल भरपूर मतं द्यायचे. "मॅडम, जनावर के दात देखो, कान मत देखो," हे त्यातलं एक. माझं लक्ष कानावरच असायचं, कारण नंबरचा पिवळा बिल्ला तिथंच.

वडीगोद्रीच्या पुढं, हायवे सोडून आत गेलं की सोपानतात्यांचा कळप भेटायचा. तात्या साठीच्या पुढचे, उंच, आवाज असा की लांबच्या बांधावरचा माणूस दचकावा. त्यांचा मुलगा आमच्याच एमआयडीसीत मिलमध्ये कामाला, आठवड्याला घरी यायचा. त्यामुळं कळपामागं तात्या आणि त्यांची सून मथुरा. मथुरा बोलायची कमी. पण तात्या बोलायला लागले की ती मान खाली घालून हसायची, आणि त्यातनं तात्यांचं किती खरं ते समजायचं.

पहिल्या भेटीत तात्यांनी मला विचारलं, "बाई, त्या ठेंगण्या मेंढीचं रगत आमच्या मेंढीत घालून ऱ्हायले तुम्ही. लोकर बिघडली मंग?"

"लोकर कुठं विकता तात्या?"

त्यांनी जरा विचार केला. "कुठंच न्हाई. घोंगडी इनणारा व्हता आमच्याकडला, त्यो बी गेला पुन्याला. कातरायचा खर्चा निघत न्हाई."

"मग कोकरावरच चालतं ना सगळं?"

"त्ये बराबर हाय. पर इचारावं तं लागतं."

त्याच वस्तीवर एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. नळ्यांकडं बघत हळूच म्हणाली, "बायांचं बी करता का हे? आमच्या सूनबाईला दोन पोरीच हायेत." मी सांगितलं की याच्यातनं पोरगा-पोरगी काही कळत नाही, फक्त एक की दोन याचा अंदाज येतो. तिला फार वाईट वाटलं. उठता उठता म्हणाली, "मंग यवढं शिकून काय केलं?" हा प्रश्न मला पुढं गावोगाव भेटला. हसून सोडून द्यायचे, पण गाडीत बसल्यावर त्या न दिसलेल्या सूनबाई डोक्यात राहायच्या.

संस्थेनं तात्यांच्या कळपासाठी एक नर दिला. त्याचं रक्त मीच तपासलं होतं, दोन्ही पट्टे स्वच्छ. म्हणजे त्याच्या निम्म्या लेकरांत ते अक्षर उतरणार. नर दिसायला बेताचा. तात्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ह्यो? माझी मेंढी याच्याकडं बघणार बी न्हाई." त्याचं नाव पडलं पाव्हणा. मेंढ्यांचं मत मात्र तात्यांपेक्षा वेगळं निघालं.

पुढचं वर्ष आम्ही इतर कळपांत होतो. मग एके दिवशी दुपारी गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. "मॅडम, खाली या. एक माणूस मेंढा घेऊन आलाय आन् तो आत यायचं म्हणून राह्यलाय."

"कोण, माणूस?"

"दोघं बी."

खाली गेले तर गेटसमोर एक छोटा टेम्पो उभा. मागं दोरीनं बांधलेला पाव्हणा, पुढं ड्रायव्हरशेजारी मथुरा, आणि रस्त्याच्या मधोमध तात्या. मिलमधनं सुटलेली माणसं सायकली थांबवून बघत होती.

"ही तुमची टेस!" तात्या ओरडले. "समद्या मेंढ्या याल्या. समद्यांना येकयेकच कोकरू. जुळं कुठंय? म्या गावात सांगून बसलो व्हतो, या खेपेला कळप दुप्पट! आता लोक इचारतेत, तात्या, दुसरं कोकरू कुठं ठिवलं, जालन्याला का?"

"तात्या, आत चला, पाणी घ्या आधी."

"पानी न्हाई. पुढल्या महिन्यात बकरी ईद हाय, व्यापारी दोनदा येऊन गेला. चाललो याला घेऊन बाजारात. तुमाला दाखवून जावं म्हनलं."

रफिकभाई तोवर पाव्हण्याचे दात बघून आले होते. "माल अच्छा है," एवढं बोलून ते बाजूला झाले. मी त्यांच्याकडं रागानं बघितलं.

खरी गोष्ट सोपी होती, पण ती कुणी तात्यांना नीट सांगितलेलीच नव्हती. संस्थेच्या लोकांना ती इतकी उघड वाटत होती की सांगायचं सुचलं नाही. मी टेम्पोच्या फळीला टेकून उभी राहिले.

"तात्या, कोकरं कोण देतं? मेंढी का मेंढा?"

"हे काय इचारनं झालं?"

"सांगा ना."

"मेंढी."

"मग एक द्यायचं का दोन, हे तिच्या अंगात ठरतं. तुमच्या जुन्या मेंढ्यांच्या अंगात ते नाहीच. पाव्हणा कितीही चांगला असला तरी त्यांना एकच होणार. त्यानं जे आणलंय ते त्याच्या पोरींत गेलंय. पोरी वितील तेव्हा जुळं दिसेल."

तात्यांनी एकवार पाव्हण्याकडं बघितलं. मग ते म्हणाले, "म्हंजी ह्या पाठी, ज्या आत्ता दूध पिऊन ऱ्हायल्या, त्या मोठ्या व्हनार, गाभण ऱ्हानार, मंग इनार. तव्हर म्या काय करू?"

"वाट बघायची."

"दोन वर्सं?"

"जवळजवळ."

"आन् समद्या पाठींना व्हनार?"

"निम्म्यांना. त्यांचं रक्त तपासून सांगते कुणात आहे ते."

तात्यांनी कपाळाला हात लावला. आणि तेव्हा टेम्पोच्या पुढच्या सीटवरून मथुरा पहिल्यांदा बोलली. "मामा, घरी चला. कापूस लावल्याबरुबर बोंडं मागता का तुमी?"

सायकलवाले हसले. तात्यांनाही हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. पाव्हण्याला त्या दिवशी एमआयडीसीच्या नळाचं पाणी पाजलं आणि टेम्पो वडीगोद्रीकडं परत गेला.

आम्ही त्या पाठींचं, म्हणजे माद्यांचं, रक्त आणलं. साधारण निम्म्यांत दोन्ही पट्टे दिसले. मथुरानं त्यांच्या गळ्यात जुन्या साडीच्या लाल चिंध्या बांधल्या. पाठी वयात यायच्या आत बापाला कळपातनं काढायला पाहिजे होतं, म्हणून पाव्हण्याची तात्यांच्या सोयऱ्याच्या मेंढ्याशी अदलाबदल झाली. त्याला द्यायला तात्या स्वतः गेले. सोयऱ्याला त्यांनी बजावलं म्हणे, की दोन वर्षं गप बसायचं, आणि जालन्याला कुणालाही टेम्पो घेऊन जायचं काम नाही.

याच दिवसांत माझं एक वेगळं गिऱ्हाईक तयार झालं. अंबडकडचे एक ठेकेदार. रस्त्याची कामं करता करता त्यांनी हौसेनं शेड बांधून बंदिस्त मेंढ्या पाळल्या होत्या. त्यांना एकच ध्यास, डबल अक्षर. एकाकडून आलेलं अक्षर त्यांना कमीपणाचं वाटायचं. "मॅडम, आपल्याला हाफ नको. दोन्हीकडून आलेली मेंढी पाहिजे." मी समजावलं की नर डबल असला तर उत्तम, त्याच्या सगळ्या पोरींत ते उतरतं. पण मादी डबल असली तर तिला कधी तीनसुद्धा होतात. त्यांना वाटलं मी जाहिरातच करतेय. त्यांनी कुठनं तरी दोन्ही बाजूंचे संकरित आणून तशा माद्या तयार केल्या. आणि एक दिवस त्यांचा फोन. आवाज पार बदललेला.

"मॅडम, थानं दोन, लेकरं तीन. आता मी काय करू?"

"बाटलीनं पाजा."

"कोण मी?"

तेच. ठेकेदारांनी सायटीवर जाताना गाडीत दुधाच्या बाटल्या नेल्या आणि डांबराच्या वासात कोकराला मांडीवर घेऊन पाजलं, हे मला त्यांच्याच मुकादमानं सांगितलं. नंतर ते हाफवर खूश झाले.

तात्यांच्या लाल चिंधीवाल्या पाठी व्यायच्या दिवसांत मी फोन जवळ घेऊन बसायची. घरात माझ्या मुलीच्या बाळंतपणाला इतकी धाकधूक नव्हती, असं नवरा म्हणायचा. पहिला फोन आला, तात्यांचाच.

"येली."

"किती?"

"येक."

मी खुर्चीत बसले. मशीन चुकली का, नळी चुकली का, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. जुनं जेलचं चित्र काढून पुन्हा बघितलं. दोन्ही पट्टे ठणठणीत. मग संस्थेच्या डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, एक अक्षर असलं तरी दर वेळी जुळं होतंच असं नाही. पहिलं वेत, अंगात ताकद किती, चारा कसा, सगळं लागतं. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि तात्यांना सांगायचं, यात फार अंतर असतं. मी सांगितलं. तात्या ऐकून म्हणाले, "म्हंजी तुमची टेस आमच्या पावसावानी हाय. इल बी, न इल बी."

दुसरीलाही एकच झालं. मग तिसरीच्या वेळी फोन मथुरानं केला. तिनं मला याआधी कधी फोन केला नव्हता.

"म्याडम, दोन झाली."

मागं तात्यांचा आवाज, "सांग, दोन्ही उभी हायेत म्हनावं! सांग!" मग त्यांनी फोनच ओढून घेतला. ते काय बोलले ते मला नीट समजलं नाही, कारण मी तेव्हा लॅबमध्ये सगळ्यांना ओरडून सांगत होते आणि चौधरी साहेब कुणाला तरी पेढे आणायला पाठवत होते. सरकीच्या प्लांटमधल्या माणसांना पेढे कशाचे ते कळलं नाही, त्यांनी मला आजी झाल्याबद्दल शुभेच्छा दिल्या. मी घेतल्या.

त्या हंगामात लाल चिंधीवाल्यांपैकी बऱ्याच जणींना जुळं झालं. इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण पुढं जे झालं ते आम्ही लॅबवाल्यांनी नीट धरलंच नव्हतं. कळप चालता असतो. आज या शिवारात, चार दिवसांनी पुढच्या. कापणी झालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीचं खत त्या शेताला, चारा मेंढीला. एक कोकरू आईमागं दुडक्या चालीनं जातं. दुसरं हलकं असतं, मागं पडतं. आईला दोघांपुरतं दूध नसतं. प्रकल्पातल्या दुसऱ्या कळपांचे लोक मला तोंडावर म्हणाले, "बाई, तुमचं दुसरं कोकरू म्हंजी हातातलं वझं." काहींनी तसले नर विकून टाकले. मी त्यांना चुकीचं म्हणू शकले नाही. आमच्या अहवालात कोकरांचे आकडे असायचे, त्यांना हातात घेऊन चालणारी बाई नसायची.

तात्यांनासुद्धा तेच वाटायला लागलं होतं. मी गेले तेव्हा एक दुसरं कोकरू झोळीत निपचित पडलं होतं आणि तात्या म्हणत होते, "जाऊ दे त्याला. न्हाई जगत ते. आईचं दूध थोरल्याला पुरू दे."

मथुरानं झोळी उचलली. "म्या बघते त्याचं."

"येकटी कुठं कुठं बघशील, मथुरे?"

"मामा, आमी बी दोघी जलमलो व्हतो," ती म्हणाली. मेंढ्या हाकताना लागायचा तेवढाच तिचा आवाज. "थोरली आईच्या अंगावर वाढली. म्या शेळीच्या दुधावर. मला कुनी जाऊ दिलं असतं तं तुमच्या पोराला कोन बायको मिळाली असती?"

तात्या पटका काढून पुन्हा बांधत राहिले. पुढच्या बाजाराला जाऊन त्यांनी दोन दुभत्या शेळ्या आणल्या. जालन्याहून मुलानं बाटल्या आणि निपल आणले. मथुरानं झोपडीजवळ काट्याचं छोटं कुंपण घातलं आणि कळप लांब गेला की दुसरी कोकरं तिथं तिच्याजवळ राहू लागली. तिची बहीण, तीच थोरली, अधूनमधून मदतीला यायची. दोघी शेजारी बसून कोकरं पाजत असल्या की रफिकभाई गाडीतनं बघून म्हणायचे, "मॅडम, ये देखो, रिपोर्ट." एवढं चांगलं वाक्य त्यांनी दुसरं कुठलं बोललेलं मला आठवत नाही.

सगळी जगली नाहीत. पण बरीच जगली.

मग प्रकल्पाची मुदत संपली. संस्थेनं आपलं काम दुसरीकडं नेलं, साहेब बदलून गेले, नव्या साहेबांना मिरचीत रस होता. फ्रीजमधल्या रक्ताच्या नळ्या नियमाप्रमाणं नष्ट केल्या. मी शेवटची वर्षं मिरचीचे आईबाप शोधले आणि निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी माझी कापसाची सेवा सांगितली, मेंढ्यांचं नाव निघालं नाही. मला जरा लागलं ते.

गेल्या हिवाळ्यात मथुराचा फोन आला. "म्याडम, रिटायर झाल्या म्हने. मंग या ना आता. घाई नसंल."

रफिकभाईही निवृत्त झालेत, पण त्यांच्या जावयाची गाडी आहे. एका सकाळी आम्ही निघालो. तात्यांचा कळप एका वेचून झालेल्या कपाशीच्या रानात बसला होता. तात्या थकलेत, बाजेवर बसून हुकूम सोडतात. मथुराच्या हाताखाली आता शेळ्याही वाढल्यात.

चहा होतोय तोवर एक मेंढी बाजूला जाऊन खुरानं माती उकरायला लागली. मथुरा म्हणाली, "बरं झालं तुमी आल्या. ही आज इतीय."

आणि मग माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी या मेंढ्यांच्या विण्यावर काम केलं आणि एकही मेंढी विताना पाहिलेली नव्हती. नळ्या पाहिल्या, पट्टे पाहिले, फोनवर आकडे ऐकले. मी मथुराला तसं सांगितलं. ती बघतच राहिली. मग पदर खोचत म्हणाली, "मंग हिकडं या. जवळ या. लांबून न्हाई दिसत."

मी मातीत बसले. मेंढी आडवी झाली, मान ताणून आभाळाकडं बघत राहिली. आधी दोन इवले खूर, त्यावर नाक, आणि मग एकदम सगळं कोकरू ओल्या पोत्यासारखं मातीवर. मथुरानं बोटानं त्याचं तोंड साफ केलं आणि आईसमोर ठेवलं. आई चाटायला लागली. काळंभोर, सुरकुतलेलं, डोळे मिटलेलं. मला वाटलं झालं. मी उठायला लागले.

"बसा, म्याडम. अजून हाय."

दुसरं यायला वेळ लागला. आलं ते लहान, आणि हललं नाही. मथुरानं ते माझ्या हातातच दिलं, कारण तिचे हात मेंढीत गुंतलेले होते. "चोळा. पोत्यानं चोळा. जोरात." मी चोळत राहिले. तात्या बाजेवरनं ओरडत होते, "उलटं धरा, बाई! उलटं! नाकातलं पानी पडू द्या!" मी उलटं धरलं. रफिकभाई काहीतरी पुटपुटत होते, दुवा असावी. आणि मग ते कोकरू शिंकलं. एवढंसं, चिडल्यासारखं. आणि मग ओरडलं.

"काय हाय, नर का मादी?" तात्यांनी विचारलं.

मी बघितलं. "मादी."

"हिच्यात उतरलंय का न्हाई आता कोन सांगनार? टेस तं बंद पडली तुमची."

"तात्या, निम्मी शक्यता आहे."

"ते म्हाइतीये मला," तात्या म्हणाले. "निम्मं."

मथुरा हात धुऊन आली, पदरानं कोकराचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उतरलं असंल तं असंल, न्हाई तं न्हाई. मादी हाय. ठिवायची."

शेळी जवळच बांधलेली होती. मी कोकराला तिच्याजवळ नेलं आणि त्याचं तोंड थानाला लावलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा त्यानं धरलं, आणि त्याची शेपटी हलायला लागली.